बाण बाईंनी काढायचा

काशिनाथ, तू गेलास आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, वार्षिक अंकासाठी सरांवर चार चांगले शब्द लिहून द्या, विभागात आता तुम्हीच काय त्या जुन्या. मी मान डोलावून बाहेर आले आणि जिन्यातच थांबले. ह्यांना ठाऊक नाही होय? सात वर्षं एका खोलीत बसून आपण एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही, हे शिपायापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे मुद्दामच मला सांगितलं असणार, बघू या बाई काय लिहितात ते. आला बघ लगेच संशय. तू असतास तर मिशीतल्या मिशीत हसला असतास.

माझा स्वभाव तुला नवा नव्हता. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची काडी जास्त घातली तरी मी जुडी उलटून बघते, आत पिवळी तर नाही ना. आपण दोघं एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तुझी पदवी खरी आहे का, म्हणून ऑफिसात विचारून आले होते. ते तुला त्याच दिवशी कळलं. रागावला नाहीस. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणालास, "बाई, तुमी देवाकडं पन नमुना मागाल." तेव्हापासून मी तुझी बाई झाले. मी तुला अरेतुरे करायची आणि तू मला तुमी म्हणायचास, आणि त्यात कुणाचा मान कमी होतो कुणाचा जास्त, हे आपण कधी ठरवलं नाही.

मी पुण्याची, नवीन पनवेलच्या सेक्टरात दोन खोल्यांत नुकतीच संसार मांडलेली. तू उरणच्या खाडीकाठचा, होडीवाल्यांच्या घरातला. भूगर्भशास्त्र घेतलंस तेव्हा तुझे वडील म्हणाले होते म्हणे, पाण्यात निदान मासली तरी असते, दगडात काय हाय? हे तू मुलांना दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचास आणि दरवर्षी तितकंच रंगवून. मला वाटायचं, हे बनवलेलं असणार. मग एकदा तुझ्या घरी जेवायला आले तर म्हाताऱ्यानं तोच प्रश्न मला विचारला, त्याच शब्दांत. मी उत्तर शोधत बसले आणि तू ताटावर वाकून हसत होतास.

आपली पहिली सहल कर्नाळ्याची. किल्ल्याखालच्या उतारावर मला एक छान दगड दिसला, मी उचलून पिशवीत टाकला. तू मुलांसमोर माझ्या पिशवीत हात घालून तो बाहेर काढलास आणि विचारलंस, वर कुठलं? मी म्हटलं, सुटा पडला होता, त्याला कसलं वर आणि कसलं खाली. "मग फेकून द्या," म्हणालास, आणि खरंच फेकलास. माझी कानशिलं तापली. मग तू खिशातून पांढऱ्या ऑइल पेंटची डबी काढलीस, कातळावर बाण रंगवलास, तो वाळेपर्यंत दहा मिनिटं सगळ्यांना उन्हात उभं केलंस आणि मगच हातोडी घातलीस. आकाश कुठल्या बाजूला होतं ते ज्या दगडावर लिहिलेलं नाही, तो तुझ्या लेखी रस्त्यावरची खडी. तुझी बोटं कायम पांढरी असायची. तुझे रुमाल धुऊन सुमनवहिनींचा जीव मेटाकुटीला यायचा.

तो बाण मला नुसता हट्टीपणा वाटायचा. पण तू शिकवताना तो मुलांच्या डोक्यात असा काही बसवायचास की बस. दूध उतू जाताना बुडबुडे कुठे जातात? वर. लाव्हाचंही तसंच, बुडबुडे वर जातात आणि थिजताना तिथेच अडकतात. मग त्या बुडबुड्यांच्या दगडावर हजारो वर्षं ऊनपाऊस पडतो, त्याची लाल माती होते, आणि तिच्यावर पुन्हा लाव्हा येऊन पसरतो, त्याचा तळ काळा, भरीव. खालून वर वाचायचं, बुडबुडे, लाल, काळा. काळा जर लालच्या खाली दिसला तर समजायचं, आपण दगड उलटा धरलाय. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना येत होतं. तुझ्या मागोमाग मीही तेच शिकवत होते, वीस वर्षं होत आली.

पोरं तरी आपल्याकडे कुठे धड येत होती. वर्गात बाकं जास्त, मुलं कमी. हे शिकून काय करणार, हा आईबापांचा प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता. तू जूनमध्ये स्कूटर काढायचास आणि गावोगाव जाऊन लोकांच्या ओटीवर बसायचास. बोअर मारायच्या आधी पाणी कुठे लागेल हे सांगायला माणूस लागतो की नाही? बोगदा खणायचा तर आत काय आहे हे कोण सांगणार? मी एकदोनदा बरोबर आले, आणि खरं सांगते, मला तुझी शंका यायची, हा माणूस नोकऱ्यांची आश्वासनं वाटत सुटलाय. पण आपल्या वर्गातली रेश्मा बोगद्याच्या कामावर लागली, एकजण आखातात गेला, दोघंतिघं पाण्याच्या कामात आहेत. एकानं खडीची खाण काढली. तो आपला विद्यार्थी आहे हे तू मरेपर्यंत कबूल केलं नाहीस.

आणि तुझी पीएच.डी. खाडीच्या चिखलाचे दोन वर्षांचे नमुने तू एकट्यानं गोळा केलेस, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून. तुझ्या मार्गदर्शकांशी वाजलं आणि तू ते सगळं सोडून दिलंस. एक दिवस सगळ्या पिशव्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्यास, म्हणालास, वापरा. मी आठवडाभर हात लावला नाही. कुणी आपलं दोन वर्षांचं काम असं देतं होय, ह्यात काहीतरी असणार. पुढे त्यावर मी निबंध लिहिला. तू माझं नाव आधी घालायला लावलंस. त्या निबंधाच्या जोरावर मला बढती मिळाली, आणि मी तुझे आभार मानले की नाही ते आता मला आठवत नाही.

आता भांडणाचं. ते टाळून चार चांगले शब्द लिहिता येणार नाहीत.

डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीची जागा एका बिल्डरला हवी होती. त्यानं वाडीला खालच्या टप्प्यावर पक्की घरं बांधून द्यायचं कबूल केलं, आणि जागा तपासायचं काम आपल्या विभागाकडे आलं. घरांसाठी उतार पाच मीटर कापायचा होता. आत लाल थर होता, हे नक्की. पाण्यानं फुगला की तो साबणासारखा निसरडा होतो. तो वरवर असेल तर कापलेला डोंगर एक ना एक दिवस वीस घरांवर येणार. खोल असेल तर चिंता नाही. यंत्रानं पंधरा मीटर छिद्र पाडून दगडाच्या कांड्या काढल्या, एक मीटर लांबीच्या पाच पाच ओळींच्या तीन खोक्यांत भरल्या आणि त्या आपल्या प्रयोगशाळेत आल्या. छिद्र पाडलं ते तिन्ही दिवस तू तिथे उभा होतास. अहवालात तू लिहिलंस, लाल थर अकरा मीटरवर.

त्याच आठवड्यात तुझ्या धाकट्या भावाला नोकरी लागली. द्रोणागिरीच्या गोदामात. गोदाम त्याच बिल्डरचं.

मला हे कँटीनमध्ये कळलं. माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते मी थांबवलं नाही, थांबवावंसं वाटलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी खोकी काढवून घेतली, रंग नीट दिसावा म्हणून कांड्या धुवायला लावल्या, लांब टेबलावर मांडल्या आणि स्वतः मोजायला उभी राहिले. लाल थर चार मीटरवर. दोनदा मोजला. चारवरच. खोटं कशाला बोलू, मी थोडी खूश होते. मला आधीपासून वाटतच होतं, असं वाटण्यातली ती खुशी.

दुपारी तू आलास तेव्हा मुलं अजून हात पुसत होती. मी त्यांच्यासमोरच विचारलं, "थर चारवर आहे. तू अकरा कसं लिहिलंस?"

तू खोक्यांकडे एकदा बघितलंस, एकदा माझ्याकडे. म्हणालास, अकराला छिद्रातून लाल पाणी आलं, मी तिथे होतो.

"तू तिथे होतास, हाच तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "भाऊ कुठे लागला तुझा?"

तुझा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी साधा झाला, त्याचीच मला भीती वाटली. शिकलेलं बोलणं सोडून तू घरचं बोललास, हळूच. "तुमाला माजा भरवसा नाय ना? मंग दगडाला इचारा. मला आता काय इचारू नका."

मी दगडाला विचारलं नाही. मी प्राचार्यांना पत्र लिहिलं. तेव्हाचे प्राचार्य वेगळे होते, त्यांनी दोघांची मतं फायलीला लावली आणि फाईल बंद केली. बिल्डरनं खोकी परत नेली. तुझ्या अहवालावर घरं उभी राहिली आणि माझ्या पत्रावर विभागप्रमुखाची खुर्ची. ती तुझी होती, जुलैत मिळणार होती. मिळाली मला.

पुढची सात वर्षं आपण वेळापत्रक असं वाटून घेतलं की एक आत आला की दुसरा बाहेर. निरोप शिपायामार्फत. खोलीतलं नमुन्यांचं कपाट दोघांचं होतं, किल्ल्याही दोन होत्या. मी ठरवलं, ह्या माणसानं ठेवलेल्या दगडाला हात लावणार नाही, आणि माझे नमुने खोक्यात भरून टेबलाखाली ठेवले. दर एप्रिलमध्ये मात्र माझ्या टेबलावर जवळ्याच्या चटणीची बरणी यायची, वहिनींच्या हातची, पूर्वीसारखीच. मला ती लाच वाटायची. बरणीभर जवळ्याची लाच! मी ती ग्रंथपालबाईंना देऊन टाकायची. एका वर्षी राहवलं नाही, खाल्ली, आणि घरी बसून रडले.

दर ऑगस्टमध्ये मी छत्री घेऊन वाडीत जायची. भिंतींना भेगा गेल्यात का बघायला. देवाशप्पथ सांगते, कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, पण एखादी बारीक भेग दिसली असती तर मला बरं वाटलं असतं. एकदा तिथल्या एका म्हातारीनं चहा दिला आणि म्हणाली, "ते सर पन येतान. ते डोंगराकडं बगतान, तुमी आमचे भिंतीकडं बगता." मी परत येताना रिक्षात मनाशी म्हटलं, घाबरलाय, म्हणून बघायला येतो. इतकी मी पक्की होते.

मग गेल्या महिन्यातलं. तुझं हृदय असं अचानक बंद पडलं आणि मला शिपायाकडून कळलं, इतर निरोपांसारखंच. मला ते खरं वाटेना. मी तुझ्या घरी फोन लावून विचारलं. वहिनींनीच उचलला. काय बोलले असेन मी, देव जाणे. बाराव्याला आले तेव्हा लोकांनी माझ्याकडे बघितलं आणि वाट करून दिली. वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. जूनपासून विभाग बंद होतोय, हे त्यांना तूच सांगितलं होतंस. म्हणाल्या, "बाय, त्यांचे कपाटाची चावी मिलत नाय. पन दुसरी तुमच्याकडं हाय ना? ते म्हनायचे, बायकडं हाय, उघडतील कवातरी."

ती किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आतल्या चेनच्या कप्प्यात, सात वर्षं. पर्स दोनदा बदलली, किल्ली प्रत्येक वेळी ह्या पर्समधून त्या पर्समध्ये गेली.

सोमवारी दुपारी मी कपाट उघडलं. विमानतळासाठी उलव्याकडे डोंगर फोडतायत, त्या सुरुंगानं काचा वाजल्या आणि मी दचकले. वरपासून खालपर्यंत तुझे नमुने, प्रत्येकावर पांढरा बाण, सगळे बाण एका दिशेनं वर. फक्त मधल्या फळीवर, माझ्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीला, वाडीच्या त्या खोक्यांतली हातभर लांब एक कांडी आडवी ठेवलेली. एका टोकाला बुडबुडे, मधे लाल, दुसऱ्या टोकाला काळा. तिच्यावर बाण नव्हता. शेजारी रंगाची बंद डबी, ब्रश, आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, "बाईंसाठी. बाण बाईंनी काढायचा."

मी काय केलं असेन सांग. मी आधी संशय घेतला. ही आता कुणीतरी ठेवली असेल, वहिनींनी कुणाकडून तरी, किंवा तूच अगदी अलीकडे. म्हणून मी कांडी उचलून खाली बघितलं. फळीवर बोटभर धूळ होती आणि कांडीखाली तेवढीच स्वच्छ पट्टी. चिठ्ठी काढली तर तिच्याखालीही चौकोन स्वच्छ. डबीचं झाकण मात्र नवं होतं. रंग वाळून जातो ना, तू डबी बदलत होतास.

तरीही मी रेश्माला फोन केला. खोकी मांडणाऱ्यांत ती होती. तिला विचारलं, त्या दिवशी आपण ती कशी मांडली होती ग? ती म्हणाली, "मॅडम, आम्ही भिंतीकडून वाचायला मांडली होती. उजेड हवा म्हणून तुम्ही खिडकीकडे जाऊन उभ्या राहिलात. सर दारात येऊन बघून गेले होते, तुम्ही आकडे सांगत होतात तेव्हा."

टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं. म्हणजे पहिलं खोकं माझ्यासाठी शेवटचं, शेवटची ओळ पहिली. पंधरातून चार गेले अकरा. किती मीटर ते दाखवणाऱ्या, कांड्यांमधल्या लाकडी ठोकळ्यांवरचे खडूचे आकडे मी धुवायला लावून घालवले होते. खोकी जुनी, त्यांच्यावर आधीच्या तीन कामांचे नंबर एकावर एक. आणि तरी दगड सांगत होता. लालच्या खाली काळा दिसत होता, माझ्या डोळ्यांसमोर, धुतलेला, लख्ख. पहिल्या वर्षाच्या पोराला दिसला असता. मी लाल शोधायला गेले होते, लाल सापडल्यावर पुढे बघितलं नाही.

तू दारातून बघून गेलास. वर्ग चालू असताना मुलांसमोर बाईंना चूक दाखवायची नाही, म्हणून गेलास. आणि त्याच दुपारी मी त्याच मुलांसमोर तुला काय विचारलं.

आता मी तुझ्यावर रागावले तर चालेल का? दोन वाक्यं होती रे. बाई, तुमी उलट्या बाजूला उभ्या होतात. एवढं सांगायला सात वर्षं पुरली नाहीत? चिठ्ठी टेबलावर ठेवली असतीस तर? नाही, तुला हवं होतं की मी स्वतः कपाट उघडावं, स्वतः बघावं. मुलांना उन्हात उभं करायचास तसं मला उभं केलंस. कोण जास्त हट्टी होतं, ह्याचा निकाल लागायच्या आत तू गेलास, हे काही बरं केलं नाहीस. आणि भावाची नोकरी? ती कशी लागली, हे मला अजूनही माहीत नाही. बाराव्याला तो समोरच बसला होता, विचारता आलं असतं. नाही विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न तपासता सोडलं.

प्राचार्यांना हा लेख दिला की ते बहुधा म्हणतील, हे अंकात नको, तुमच्याच नावाला बरं नाही. मी सांगणार आहे की छापायचा असेल तर सगळा छापा. माझी मुलं त्या खोलीत होती, त्यांना हे वाचायला मिळालं पाहिजे. विभागप्रमुखांच्या फळ्यावर शेवटचं नाव माझं आहे. ते पुसून तुझं लिहा असा अर्ज मी काल दिला. विभागच राहणार नाही तर फळा कशाला, असं कारकून म्हणाला. मी म्हटलं, लिहा तरी.

काल मी कांडी टेबलावर उभी केली. भिंतीकडच्या बाजूला उभी राहिले. भिंग घेऊन बुडबुडे बघितले, लाल बघितलं, काळा बघितला, पुन्हा एकदा बघितलं, कारण मी मीच आहे. मग तुझी डबी उघडली आणि काळ्या टोकाकडे बाण काढला. बाण तिरका आला. वाळेपर्यंत दहा मिनिटं मी तशीच उभी राहिले.